पुढे जाऊ का थांबू

म्हशीचं दूध काढून झालं होतं. मी परातीत कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होते आणि एक डोळा अंगणातल्या दोरीवर होता. दोरीवर चौदा जर्सी होत्या. तेरा वाळल्या होत्या. नऊ नंबरची ओली होती, कारण तिच्या बाहीवरचा डाग निघेना म्हणून ती मी पहाटे पुन्हा धुतली होती. मागून दारातून आवाज आला...

माफ करा. मी एकदम त्या सकाळीच जाऊन पोचले. आधी तुमची सगळ्यांची नावं घ्यायची असतात, ती कागदावर लिहूनही आणली आहेत. आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लबचे आधारस्तंभ माणकचंद शेठ, व्यासपीठावरचे तालुका क्रीडा अधिकारी साहेब, आपल्या संघाचे प्रशिक्षक उमाकांत, ज्याच्या निरोपासाठी आपण जमलो तो करमसिंग, त्याच्या शेजारी बसलेली त्याची पत्नी दीपमाला, आणि समोर बसलेले धानोऱ्याचे व आसपासच्या गावांचे भाऊबहिणी, खेळाडू मुलं. सर्वांना माझा नमस्कार.

मी चारुलता. उमाकांतच्या आधी संघाचे प्रशिक्षक होते त्या हेमकांत सरांची पत्नी, एवढीच माझी ओळख. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं जे काही वाचन झालं ते सर शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणायचे म्हणून, आणि ते गेल्यावर मी स्वतः आणते म्हणून. भाषणाची सवय नाही. उमाकांत म्हणाला, "काकू, तुम्ही दोन शब्द बोला. सरांच्या वतीने." सरांच्या वतीने बोलायचं म्हणून मी हो म्हणाले.

करमसिंगबद्दल काय सांगू? डोंगरातल्या काठी गावाहून तो आपल्या शाळेच्या वसतिगृहात आला तेव्हा मराठी जेमतेम बोलायचा, पण बॉल पायात आला की समोरच्यांची बोलती बंद. बारा वर्षं तो आपल्या संघाकडून पुढे खेळला. आता धडगावकडे आश्रमशाळेत क्रीडाशिक्षक म्हणून चालला आहे. परवा रविवारी विसरवाडीविरुद्ध हंगामाचा शेवटचा सामना, तोच त्याचा आपल्याकडून शेवटचा. आणि योगायोग बघा, याही वर्षी कपासाठी आपल्याला बरोबरी पुरते. चार वर्षांपूर्वी पुरत होती, तशीच.

मंगळवारी उमाकांत माझ्याकडे आला होता. चहा प्यायला आलो म्हणाला, पण चहा थंड झाला तरी कप हातातच. शेवटी म्हणाला, "काकू, एक पॉइंट पाहिजे फक्त. दहा जण मागे ठेवतो. दोघांना आधीच पिवळं कार्ड आहे, मैदान दगडासारखं झालंय, पोरांचे पाय संपलेत. सर असते तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मी कधी बॉलला पाय लावला नाही."

"तुम्ही त्यांच्या वह्या वाचल्या ना सगळ्या," तो म्हणाला.

वाचल्या. सर प्रत्येक सामन्याआधी वहीत दोन रकाने करायचे. एकावर लिहायचे 'पुढे', दुसऱ्यावर 'थांबा'. चार वर्षांपूर्वीच्या त्या सामन्याचं पान मला पाठ आहे. 'थांबा'च्या खाली सहा ओळी आहेत. ऊन तापेल. मैदान कडक. दोघांना कार्ड. उमाकांतने मंगळवारी जे सांगितलं तेच सगळं. 'पुढे'च्या खाली एकच शब्द आहे: करमसिंग. आणि पान तिथेच सोडलेलं आहे. निर्णय लिहिलेला नाही.

तो निर्णय कसा झाला ते आज सांगायचं आहे. शेठजी, वेळ थोडा जास्त लागेल.

मागून दारातून आवाज आला, "मी पुढे जाऊ का थांबू?"

आम्ही घरात अहिराणीच बोलायचो. माझे हात पिठात. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, हे पुढे मैदानावर जाऊ का म्हणून विचारतात. रोजचंच होतं ते. जर्सीची पिशवी आणि लिंबूपाण्याची घागर घेऊन मी मागून रिक्षाने जायची. पण त्या दिवशी मला निघायला उशीर होणार होता आणि नऊ नंबर अजून ओली होती, ती वाळली की पिशवी त्यांनीच बरोबर न्यावी असं माझ्या मनात. मी म्हटलं, "थांबा ना. काय घाई शे एवढी?"

"बरं," ते म्हणाले. आणि ओट्यावर बसले.

बराच वेळ बसले. मी भाकऱ्या थापल्या, जर्सी तव्याच्या धगीवर धरून वाळवली, घडी करून पिशवीत टाकली. ते उठले, पिशवी घेतली आणि चपला घालताना हसले. आठवडाभर हसले नव्हते. मी म्हटलं, जर्सी वाळली म्हणून हसले असतील.

सामना मी बघितला. तुम्हीही बघितलात. पहिल्या अर्ध्या वेळेत एक-एक. मग आपली पोरं मागे आली. करमसिंगसुद्धा आपल्याच गोलपाशी येऊन उभा राहिला. एसटी स्टँडवर माणसं उभी असतात, सगळ्यांच्या माना एकाच रस्त्याकडे, गाडी कधी येते म्हणून, तशी आपली पोरं उभी होती. चार मिनिटं राहिली असताना कॉर्नरवरून बॉल आला आणि गोल झाला. कप विसरवाडीला गेला.

परतीच्या ट्रकमध्येच कोणीतरी म्हणालं की करमसिंगची सासुरवाडी विसरवाडी. जावई सासऱ्यावर गोल कसा मारणार? लोक हसले. मीही हसले असेन, नक्की आठवत नाही. पण ते वाक्य ट्रकमधून उतरून गावात राहायला आलं. "जावईबापू, आज तरी पुढे जा!" "जावईबापू, सासूबाईंनी धोंड्याला काय दिलं?" दीपमाला, तू पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीवर काय काय ऐकलंस ते मला ठाऊक आहे. काही वेळा मी तिथेच होते. एकदा चुनीलालने चहाच्या टपरीवर तोंडावर विचारलं, "खरं सांग, पाय आवरला ना?" करमसिंग म्हणाला, "चुनीभाऊ, पाय माझे, पण त्या दिवशी डोकं सरांचं होतं." लोकांना वाटलं, गेलेल्या माणसावर ढकलतो आहे. तेव्हापासून त्याने तेवढंही बोलणं सोडलं.

गेलेला माणूस, म्हणजे सर. सामन्यानंतर अठराव्या दिवशी ते गेले. शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना. लोक म्हणतात सामना जिवाला लागला. डॉक्टर म्हणाले हृदय आधीपासूनच कमजोर होतं. मी डॉक्टरांचं धरते, कारण लोकांचं धरलं तर मला घरात राहता येणार नाही.

त्या अठरा दिवसांत ते या विषयावर एकदाच बोलले. जेवता जेवता मान वर न करता म्हणाले, "तुन्हं काही चुकनं नही." त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं होतं. मला वाटलं, मिठाचं बोलतात. मी म्हटलं, "ताक घ्या वर."

मला कळलं ते दहाव्यानंतर. करमसिंग भेटायला आला, ओट्यावर बसला. माझं सांत्वन करायचं म्हणून त्याने मनात ठेवलेली एक गोष्ट मला दिली. म्हणाला, "काकू, सरांनी शेवटी तुमचा मान राखला. हाफटाइमला मी हातापाया पडलो, सर मला पुढे राहू द्या. सर म्हणाले, करम्या, सकाळी घरी विचारलं, ती म्हणाली थांबा. फुटबॉलमध्ये तिचं मत आयुष्यात कधी घेतलं नाही, आज घेतलंय, तर ऐकतो. मी हे कोणाला बोललो नाही, काकू. बोलणारही नाही. लोक तुम्हाला बोलतील."

मी त्याला चहा दिला. "अरे, मी जर्सीचं बोलत होते," हे शब्द तोंडात आले होते. तुझीच जर्सी, नऊ नंबर. ते मी चहाबरोबर गिळले.

अध्यक्ष महोदय, चार वर्षं हा माणूस माझ्या एका शब्दाखातर जावईबापू म्हणवून घेतो आहे. त्याला वाटतं तो माझा सल्ला झाकतो आहे. सल्ला नव्हताच. ओली जर्सी होती. त्याने पाय आवरला नाही, सरांनी थांबवला, आणि सरांना मी थांबवलं, न वळता, पिठाच्या हातांनी. चुनीलाल, तू मागच्या रांगेत दिसतो आहेस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे.

दारातला तो आवाज अजून येतो. रोज सकाळी येतो, साधारण दूध काढून झाल्यावर. पुढे जाऊ का थांबू? मी आता वळून बघते. दारात कोणी नसतं, ऊन असतं. मी उत्तर देते. एक दिवस म्हणते, जा. एक दिवस म्हणते, कशाचं विचारता ते नीट सांगा. नवलसिंगची आई शेजारी राहते, तिने एकदा विचारलं, "कोणाशी बोलते, बाई?" मी म्हटलं, म्हशीशी.

उमाकांत, तू विचारलंस म्हणून माझं मत सांगते, आणि या वेळी प्रश्न पूर्ण ऐकून सांगते. पुढे खेळा. पाय थकले आहेत हे खरं. पण जी पोरं नोव्हेंबरपासून पुढे खेळत आली त्यांना शेवटच्या दिवशी थांबा म्हटलं तर ती विश्रांती घेत नाहीत, घड्याळाकडे बघून जास्त थकतात. मी ते पंचेचाळीस मिनिटं बघितलं आहे. पुढे जाऊनही हराल कदाचित. मी काही हमी देत नाही. पण तेव्हा खेळून हरलो हे प्रत्येकाला माहीत असेल, कोणाच्या सासुरवाडीवर ढकलावं लागणार नाही. आणि हेही सांगते की माझं मत शेवटचं धरू नकोस. ज्याने बारा वर्षं तिथे पुढे उभं राहून मार खाल्ला त्याला विचार. तो तुझ्या शेजारीच बसला आहे. सरांनी त्याचं नाव रकान्यात लिहिलं, पण त्याचं ऐकलं नाही. त्या पानावर त्यांची तेवढीच चूक मला दिसते.

करमसिंग, धडगावला तुला चांगली पोरं मिळोत. ही पिशवी दीपमालाकडे देते. आत नऊ नंबरची जर्सी आहे. रविवारी घाल. वाळलेली आहे, मी दोनदा बघितलं.

माणकचंद शेठ, आपण वेळ दिलात, क्रीडा अधिकारी साहेब एवढ्या लांबून आलात, सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते तुम्ही पोटात घाला. न बोलण्यात जे झालं त्याची माफी या सभेकडे मागून उपयोग नाही. ती मी करमसिंग आणि दीपमालाकडे मागते, त्यांना जमेल तेव्हा द्यावी.

एक राहिलं. करमसिंग माझ्या ओट्यावर येऊन ते सांगून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळं खरं सांगायचं ठरवून मैदानावर गेले. सराव संपला होता, पोरं झाडाखाली गोल करून बसली होती, कोणीतरी जावईबापू म्हणालं आणि सगळी हसली, करमसिंगही हसला. मी सगळ्यांना लिंबूपाणी दिलं, पेले गोळा केले आणि घरी आले.