बदलीवाल्यांच्या झाडांचं कडं

— ठेव तिथे टेबलावर, आडवं. उभं धरू नकोस गं अनुजा, मुळांनी अजून कुठे धरलंय, सगळं गळून पडेल. म्हणजे पॅकर्सवाले झाडं नेत नाहीत, म्हणून काकूंनी केलेलं कडं काकूंकडेच परत. वा. मला वाटलंच होतं — नाही, वाटलं नव्हतं, वाटायला हवं होतं. ही बाल्कनी बघ, पाय ठेवायला जागा आहे? जी बाई कोलकाता सोडते ती जाताना कुंड्या माझ्या दारात आणून टाकते. म्हणे विनीताताई, तुमच्या हाताला गुण आहे. गुण कसला, फुकटची माळीण मिळालीय सगळ्यांना. ही पानफुटी शोभाची — गेल्यापासून एक फोन, तोही पानफुटी जगली का विचारायला. मी जगले का, ते नाही. हे जेडचं रोप सुनीतीचं. पाणी घालून घालून कुजवायची, वर मलाच बागकामाचे सल्ले. तरी घेतली एकेकीची फांदी, तारेच्या कड्यात काथ्या आणि ओलं शेवाळ ठासून भरलं, काडीने भोकं पाडून एकेक खोचली, दोऱ्याने आवळली. कुणासाठी? तुझ्या न्यू टाउनच्या नव्या फ्लॅटच्या दारासाठी. नाताळात लोक एस्प्लनेडच्या बाजारातून प्लॅस्टिकची कडी आणून दारावर टांगतात, म्हटलं आपल्या अनुजाच्या दारावर जिवंत असू दे. हौस माझी, दुसरं काय.

चहाही नको? बरं. तुझ्या नवऱ्याने, सलीलने, बदली मागून घेतली ना पुण्याची? मागून — मला सगळं कळतं. त्याची आई एकटी आहे, हो, असणारच. प्रत्येकीची कुणीतरी पुण्यात एकटी असते, आणि ते फ्लॅट घेऊन झाल्यावरच आठवतं. आमच्या ह्यांनाही गेल्या वर्षी प्रमोशन आलं होतं, नागपूरला. माझं माहेर. नको म्हणून लिहून दिलं. सगळे हसतात, हेमंतरावांना इथली मासळी सोडवेना — मीच सांगते तसं. मासळी कसली, माणूस काटे काढायलाही कंटाळतो. मी मागे लागले त्यांच्या, नको म्हणा, आता कुठे एक माणूस मिळालंय, रोज फोन करते, फ्लॅट घेतलाय, म्हणते काकू, आम्ही आता इथेच —

काही नाही. माझ्याकडे असं बघू नकोस. रडायचं तर कॅबमध्ये बसून रड, खाली ड्रायव्हर ताटकळलाय. जा. आणि दार ओढून घे.