चंद्रीमावशीने केलेला व्हिसाचा भाव

व्हिसा मागायला जावं तर आमच्या चंद्रीमावशीने! मावशी पनवेलच्या बाजारात मासे विकायची, माहेर करंजाचं. लेक अमेरिकेत, पहिलं बाळंतपण, आणि तिथे हाताशी दुसरं बायकामाणूस नाही. एकोणीसशे नव्वदच्या आसपास मीच तिला मुंबईला वकिलातीत घेऊन गेलो. वाटेत सारखं पढवत होतो, "मावशी, तीनच महिने सांग. जास्त मागितलंस तर त्यांना वाटेल, ही तिकडेच राहणार."

आत एकटीलाच सोडलं. बाहेर आली ती तोंड पाडून.

"काय झालं?"

"सायबाने इचारलं, किती रानार? मी बोलले, सहा महिने."

"अगं, तीन ठरले होते ना!"

"शेवटचा भाव कोन पयला सांगतो काय? तो कमी करनार, मग तीनावर येनार. तो बोलला, एवढे कशाला? मी बोलले, बरं, पाच घे."

मी कपाळाला हात लावला.

"मराठी सांगनारी बाई हसली. तिने त्याला सांगितलं, तर तो पन हसला. मग बोलला, परत येशील कशावरून? मी बोलले, बाजारात माजी जागा दाराशीच हाय. आता तिथं नणंद बसवलीय. जास्त दिवस रायले तर ती उठायची नाय."

"मग? नाही म्हणाला?"

"नाय कशाला? दिला ना. संध्याकाळी पासपोर्ट घ्यायला बोलवलंय."

"अगं, मग तोंड कशाला पाडलंस?"

"पाचाला लगेच हो बोलला रे. आठापासून सुरुवात करायला पायजे होती."