गल्लीच्या तोंडाशी अम्माचा फोटो

आमचे लोक मराठा राजाच्या काळी तुमच्या बाजूनं ह्या तमिळ मुलखात आले म्हणतात, कोणत्या गावाहून ते कोणासच ठाऊक नाही. आजोबांना विचारलं तर ते राजवाड्याकडे हात करीत आणि तेथून म्हणत. त्या राजवाड्याच्या मागच्या गल्लीत हे घर, दोन खोल्या आणि पुढं हा ओटा, येथेच मी वाढलो. बसा ताई, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला आमचं मराठी जुनं वाटेल, मध्ये तमिळही येईल, ते लिहिताना नीट करून घ्या. मला थोड्या वेळानं इस्पितळाची बस धरायची आहे, अम्माचा टॉवेल आणि फ्लास्क न्यायला आलो आहे, उद्या सकाळी तिचं ऑपरेशन, हृदयाची झडप बदलायची आहे. आईला आम्ही अम्माच म्हणतो.

वडील भाताच्या गिरणीत राखणदार होते, मी लहान असतानाच गेले. मग अम्मानं ह्या ओट्यावर शिलाई मशीन मांडलं. अवघ्या गल्लीचे ब्लाउज, शाळेतल्या मुलींचे परकर, सणाच्या आधी तर तिला जेवायला वेळ नसे. मी मशीनच्या खाली, चिंध्यांत बसून अभ्यास करीत होतो, काय सांगू तुम्हाला, पॅडलचा आवाज थांबला की माझं गणित अडत असे. आमच्यात कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, मी गेलो, पदवी घेतली, बी.एड. केलं, आता ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत गणित शिकवितो. हे सगळं त्या मशीनवरून आलं. पण आमच्या घरात कोणी कोणाला असलं काही बोलत नाही. बसमध्ये कंडक्टरनं सुटे दिले तर मी थँक्स म्हणतो, अम्माला कधी म्हटलं नाही. पहिला पगार झाला तेव्हा साडी आणली, ती म्हणाली रंग उडेल, झालं.

मग डॉक्टर म्हणाले की झडप बदलावी लागेल, काळजीचं तसं काही नाही. तसं नाही म्हणजे कसं आहे, हे मला विचारता आलं नाही, आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरतं. वर्गात फळ्यावर अर्धं गणित मांडतो आणि थांबतो. मुलं म्हणतात, सर, पुढं. मला वाटे, ऑपरेशनच्या आधी अम्माला सांगायला हवं, नंतर कोणास ठाऊक. पण सांगू कसं? ती अशी आहे की कॉफीत साखर थोडी जास्त पडली तरी विचारते, काय झालं रे, कोणाचा फोन आला? मी एकाएकी पुढं जाऊन तुझे उपकार म्हणून बोलू लागलो असतो तर तिनं काय समजावं? डॉक्टरनं ह्याला आत बोलावून काही सांगितलं, हेच.

म्हणून मी फ्लेक्स काढला. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय काही होत नाही, तुम्ही रस्त्यात पाहिलेच असतील, लग्नाला फ्लेक्स, बाळाचे कान टोचले तरी फ्लेक्स, आणि कोणी वारलं तरी फ्लेक्सच. अम्माच्या जन्मनक्षत्राचा दिवस जवळ आला होता, तेच निमित्त केलं. मजकूर मराठीत लिहिला, कारण आम्ही घरात बोलतो ते मराठी, आणि तमिळमध्ये लिहिलं असतं तर गल्लीनं वाचलं असतं, मला लाज वाटली असती. बायको म्हणाली, अहो, गल्लीला वाचता येत नाही, अम्मालाही ही अक्षरं येत नाहीत, मग लिहिलंत कोणासाठी? मी म्हटलं, अम्मा विचारेल, मग वाचून दाखवीन. बायको म्हणाली, त्यापेक्षा आत्ताच जाऊन सांगा ना, स्वयंपाकघरातच आहे. मी नाही गेलो.

मी ही अक्षरं लहानपणी हिंदीच्या शिकवणीत शिकलो, त्यामुळं माझं सगळं लक्ष काना-मात्रेवर. फ्लेक्सच्या दुकानातल्या पोरानं संगणकावर दाखवलं तर मी अक्षरन् अक्षर तपासलं, चित्राकडे पाहिलंच नाही. त्याला मजकूर कळत नव्हता, त्याला म्हाताऱ्या बाईचा फोटो दिसला, आणि फोटो देणारा तिचा मुलगा रडवेल्या तोंडाचा दिसला. त्यानं बिचाऱ्यानं एका बाजूला समई लावली, खाली गुलाबाच्या पाकळ्या आणि वर दोन पांढरी कबुतरं सोडली, आमच्याकडे वारलेल्याच्या फ्लेक्सवर असतं ते सगळं.

दुकानाची माणसं पहाटेच गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स बांधून गेली. मी दाढी करीत होतो. बाहेर गलबला ऐकून आलो तर ओट्यासमोर पाच-सहा बायका, रिक्षावाले टोपी काढून उभे, आणि फुलं विकणारी सेल्वी, ती अम्माकडूनच ब्लाउज शिवून घेते, ती हातात हा एवढा हार घेऊन रडत आली. तेवढ्यात अम्मा न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, कोण गेलं गं?

सेल्वीचं रडणं तसंच तोंडात राहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अम्मा चालत गल्लीच्या तोंडाशी गेली, मी मागं. तिनं फ्लेक्सकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाली, फोटो बरा आला आहे. मग म्हणाली, डॉक्टरनं तुला काय सांगितलं? मी म्हटलं, काही नाही अम्मा, देवाशपथ, दुकानदाराची चूक झाली. ती म्हणाली, मग तुझ्या तोंडाला असं काय झालं आहे? मी काही येत नाही इस्पितळात, येथेच बरी आहे. आणि परत येऊन ओल्या केसांनीच मशीनवर बसली.

ताई, जे होऊ नये म्हणून मी बोललो नाही, तेच मी रंगीत करून गल्लीत टांगलं होतं. शेवटी तीच म्हणाली, त्यावर लिहिलं काय आहे, ते तरी वाच. गल्ली सगळी उभी होती. मी वाचलं. आमच्या अम्मास नमस्कार. तू रात्रंदिवस मशीन चालविलंस. तुझ्या मशीनजवळ बसून मी शिकलो. मी जो आहे तो तुझ्यामुळं आहे. एवढंच होतं, पण नमस्कारपाशीच अडून तीनदा सुरुवात करावी लागली.

अम्मा म्हणाली, जवळ नाही, खाली. मशीनच्या खाली बसत होतास, माझ्या पायाला तुझी पाटी लागत असे. सेल्वी म्हणाली, काय म्हणतो तो? अम्मा मला म्हणाली, सांग तिला तमिळमध्ये. मग मला तेच पुन्हा, सगळ्या गल्लीसमोर, तमिळमध्ये सांगावं लागलं. सेल्वी पुन्हा रडू लागली. अम्मा म्हणाली, आता का रडतेस, मी आहे की नाही येथे?

हाराचं काय करावं कळेना. मेलेल्या माणसासाठी आणलेली फुलं कोणी परत नेत नाही, आणि वडील गेल्यापासून अम्मानं फूल माळलेलं नाही. सेल्वी तशीच उभी. अम्मानं तिच्या हातून हार घेतला आणि दसऱ्याच्या आयुधपूजेला हत्यारांना घालतात तसा मशीनला घातला. मग मला म्हणाली, तो फ्लेक्स सोडून आण, चांगला जाड आहे.

त्यानंतर इस्पितळाला ती नाही म्हणाली नाही. काल निघण्याआधी तिनं तो फ्लेक्स स्वतः मशीनवर पांघरला, फोटो आतल्या बाजूला करून, आणि चारी बाजूंनी सुतळीनं बांधला. ते पाहा, कोपऱ्यात. सेल्वीचा ब्लाउज आत आहे, नुसते हुक राहिले आहेत. सेल्वी म्हणाली, मी लावून घेते, द्या. अम्मा म्हणाली, कोणी गाठ सोडायची नाही, मी येऊन सोडीन. ती खरंच येणार म्हणून म्हणाली की मला धीर यावा म्हणून, ह्याचाच मी बसमध्ये सगळी वाट विचार करीत होतो. अजून करतो आहे.

निघतो आता, तुम्ही बसा, बायको घरात आहे. तुम्ही पुन्हा आलात तर अम्माशी बोला, तुमचं मराठी ऐकून ती हसेल, ब्लाउज शिवायचा असला तर कापड घेऊन या. जातो म्हणत नाही आम्ही, जाऊन येतो. तो पंखा राहू दे चालू, आणि त्या सुतळीला तेवढा पाय लागू देऊ नका.