टाकीतली वाम

आधी तिनं गांडुळं खाणं सोडलं, तेव्हाच मला धसका बसला. ती म्हणजे गोदावरीतली वाम, सापासारखा लांब मासा. गणपतीत कॉलेजातली तिची टाकी माझ्यावर सोपवून सर येवल्याला सासुरवाडीला गेले होते. मग ती बाहेर उसळायला लागली. घाबरून मी झाकणावर वीट ठेवली. तीन दिवस एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला, नुसती रिंग. चौथ्या दिवशी सकाळी वाम मेली, आणि दुपारी सरांनी फोन उचलला.

“खात नाही? अगं, ती अंडी घालायला समुद्राकडे निघालीय. वाटेत खात नाही म्हणून गळाला लागत नाही, खोलवरून जाते म्हणून जाळ्यात येत नाही. आजच नदीत सोड.”

“सोडते, सर.”

इतक्या वर्षांनी सर अजून विचारतात, “पोचली असेल ना गं?” मी होकारार्थी मान हलवते. भर समुद्रात ती कुणालाच सापडत नाही, त्यामुळे मला खोटं ठरवणारंही कुणी नाही.