जमीन किती रेटते

व्यायामोपचाराच्या दवाखान्यात मानेला पट्टा बांधलेली एक शिंपीण आपल्या नंबराची वाट पाहत होती. मान वळत नव्हती, पण कान शाबूत होते. शेजारच्या बाकावर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई आणि त्यांची सडपातळ सून बोलत होत्या.

“व्यायामाच्या बाई म्हणतात, उठताना पायांनी जमिनीला खाली दाबा. उठायचंय वर आणि दाबायचं खाली? काहीतरीच!”

“बरोबर आहे, आई. तुम्ही जमिनीला खाली रेटता, तशी जमीन तुम्हाला वर रेटते.”

“जमीन? ती तर ढिम्म पडलेली असते.”

“दिसते ढिम्म. पण जितकं तुम्ही, तितकंच ती.”

“आणि मी तुझ्या खांद्यावर भार देऊन उठते, तेव्हा?”

“खांदाही तुम्हाला तेवढंच वर रेटतो.”

“मी ही अशी जाडजूड, तू काडी. तुझं जरा कमीच असेल.”

“नाही हो. दोन्हीकडून अगदी सारखंच.”

“तसूभरही कमी नाही?”

“नाही.”

“म्हणजे तू रोज खांद्याला मलम चोळतेस, ते यानं?”

“छे! झोपेत अवघडतो.”

“दीड महिना रोज अवघडतो?”

तेवढ्यात आतून सासूबाईंना हाक आली. सवयीनं सून खांदा पुढे करून वाकली.

“सरक बाजूला.”

“आई, पडाल!”

“जमीन आहे ना! बघू दे, किती रेटते ती.”

सासूबाईंनी दोन्ही पावलं घट्ट टेकवली, ओठ आवळले आणि डुगडुगत का होईना, उभ्या राहिल्या.

“अगं बाई! उठवलं की गं तिनं!”