ओल्या रंगावरचं कुंकू

आमच्या हिची गाडी अजून माझ्या दारात कशी, असं विचारताय ना, तर ऐका. ही गेल्यावर चालवणारं कोणी उरलं नाही, म्हणून विकायला काढली. फायबरच्या बॉनेटवर बारीक भेगा पडल्या होत्या. केशवापुरातल्या बसप्पा पेंटरनं त्या घासल्या, रेझिन भरलं आणि वर रंग दिला. दुसऱ्या दिवशी कलघटगीचं गिऱ्हाईक येणार होतं.

सकाळी गाडी आणायला गेलो, तर भेगा गायब आणि त्या जागी कुंकवाची पाच बोटं, ओल्या रंगात रुतून बसलेली.

"बसप्पा, हे काय?"

"आज आयुधपूजा, अण्णा. पूजा न करता गाडी कशी सोडू?"

"पुसून दे."

"पुसून जाणार नाही. घासावं लागेल, आणि घासलं की भेगा उघडतील."

दुपारी गिऱ्हाईक आलं. बॉनेट पाहून त्यानं चपला काढल्या, हात जोडले. "पूजलेली लक्ष्मी दुसऱ्याच्या दारातून नेणं मला जमणार नाही," म्हणालं आणि गेलं.

संध्याकाळी मी पेढे घेऊन बसप्पाकडं गेलो. त्यानं आधी पेढ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"विकायची नव्हती, हे आधी सांगायचं ना अण्णा. अजून ठळक लावलं असतं."