सरांची लेक आणि सरांची गोलकीपर

सरांच्या शोकसभेहून निघालेल्या दोघी बसच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या होत्या. एक सरांची मुलगी, दुसरी त्यांच्या फुटबॉल संघातली जुनी गोलकीपर.

"किती रडलीस गं! लोक मला सोडून तुझंच सांत्वन करत होते."

"ताई, सरांनी मला घडवलं."

"आणि मला काय वाऱ्यावर सोडलं होतं?"

"तसं नाही हो. उलट मला तुमचाच राग यायचा. सराव ऐन रंगात आला की सर घड्याळ बघायचे. म्हणायचे, 'चला, लेक जेवायची थांबली असेल.'"

"थांबायचेच मी. पण बाबा पानावर बसले रे बसले की तुझं पुराण सुरू!"

"माझं? घरी?"

"रोज. आई कौतुकानं ऐकायची, आणि माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"मैदानावर तर एकदासुद्धा शाबास म्हणाले नाहीत. काय सांगायचे माझ्याबद्दल?"

"ती बघ, बस आली."

"जाऊ दे ती. पुढच्या बसने जाऊ. सांगा ना, ताई."

"नाही सांगणार. तेवढं तरी माझ्या एकटीचं राहू दे."